कोळसामावशी आणि बेटावरचे साधू

पाहुणा प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून हातातला डबा उघडायला लागला आणि उत्साहाने म्हणाला, "हे मी कुठून आणलंय ते ऐकलंत तर...", की कोळसामावशी दोन्ही कानांत बोटे घालत. अगदी शाळकरी पोरीसारख्या. समोरचा माणूस मोठ्या विद्यापीठाचा प्राध्यापक असो, नाहीतर कुठल्याशा संग्रहालयाचा प्रमुख असो, बोटे काही निघत नसत. मानेनेच त्या माझ्या टेबलाकडे खूण करत. अर्थ असा, की गोष्ट तिला सांगा, मला फक्त वस्तू द्या.

मी तेव्हा नुकती लग्न होऊन ॲरिझोनात आले होते. नवरा चँडलरच्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. घरात बसून भिंती बघणे मला जमणारे नव्हते. मावशींचे यजमान त्याच कंपनीत होते, त्यांनी शब्द टाकला आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मला नोंदणीचे काम मिळाले. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. जुन्या वस्तूंचे वय काढणारी ती प्रयोगशाळा तशी नवीनच होती, यंत्र त्याहून नवे. चिमूटभर कोळसा किंवा हाडाचा लहानसा तुकडा दिला तरी त्या यंत्राला पुरत असे. झाड किंवा प्राणी जिवंत असेपर्यंत कार्बन घेत राहतो, मेला की घेणे थांबते आणि त्यातला एक प्रकार ठरलेल्या गतीने कमी होत जातो. किती उरला ते मोजले, की मरून किती काळ झाला ते कळते. एवढे मला पहिल्या आठवड्यात समजले आणि माझ्या कामाला तेवढे पुरेसे होते. वस्तू आली की तिला क्रमांक द्यायचा, कुठली, कुणी पाठवली ते लिहून कपाट बंद करायचे आणि नुसता क्रमांक मावशींकडे सोपवायचा. नोंद माझी, धुणे मावशींचे, मोजणे यंत्राचे.

कोळसामावशी हे नाव मराठी मंडळातल्या मुलांनी ठेवलेले. एका गणपतीत कुणीतरी विचारले, "मावशी, तुम्ही ऑफिसमध्ये काय करता?" त्या म्हणाल्या, "कोळसा धुते." पोरे हसत सुटली आणि नाव चिकटले. मावशी मालवणच्या. मुंबईत रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून त्या माझ्या कितीतरी आधी अमेरिकेत आलेल्या. प्रयोगशाळेत त्या पँट-शर्टमध्ये असत आणि बाहेर पडताना साडी. "आम्लाला पदराची लाज नसते गो," असे म्हणत. धुणे म्हणजे खरोखरचे धुणे होते. आधी आम्ल, मग अल्कली, मग पुन्हा आम्ल, मधे मधे पाणी. शेकडो वर्षे मातीत पडलेल्या वस्तूला मातीचे, मुळांचे, हाताळणाऱ्यांचे जे काही लागलेले असते ते सगळे निघून मूळ वस्तू तेवढी उरली पाहिजे. नवीन आलेल्या पोरांना तिसऱ्या धुण्याला कंटाळा यायचा. मावशी बशी उजेडाकडे धरून बघत आणि परत करत. "आपल्याकडे म्हणतात, कोळसा उगाळावा तितका काळाच. बरोबर आहे. उगाळू नका. धुवा. धुतलेला कोळसा बोलतो."

कानांत बोटे घालण्यामागे त्यांचे तत्त्व होते. वस्तू कुठली, कुणाच्या श्रद्धेची, कुणाला किती जुनी हवी आहे हे धुणाऱ्याला कळले, की त्याचा हात नकळत तिकडे झुकतो. एक धुणे कमी होते किंवा एक जास्त. आमच्या मंडळातल्या साठे डॉक्टरांनी एकदा त्यांना टोकले होते. साठे पुण्याचे, हृदयाचे डॉक्टर, कुणाचीही फिरकी घेणारे. म्हणाले, "मावशी, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. तुमचा तर धंदाच तो!" मावशींनी उत्तर दिले, "चूक. मी कूळ विचारतच नाही. वय तेवढं विचारते. कूळ विचारणारे सगळे माझ्या दारात रांग लावून उभे असतात, त्यांना नंदा सांभाळते."

नंदा म्हणजे मी.

याचे बक्षीस मात्र त्या स्वतःला द्यायला चुकत नसत. आकडा बाहेर गेला, की त्या चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन बसत आणि म्हणत, "हां, आता सांग." मग मी कपाट उघडायचे आणि त्या क्रमांकाची गोष्ट सांगायचे. कधी पेरूतल्या गुहेतली शेकोटी, कधी इथल्याच वाळवंटातल्या जुन्या वस्तीतले मक्याचे कणीस. मावशी डोळे मिटून ऐकत. आकड्यावरून काही बोलत नसत. मक्याच्या कणसाची गोष्ट ऐकून एकदा एवढेच म्हणाल्या, "कुणाचं तरी जेवण राहून गेलं बघ."

मंडळात त्यांना सगळ्यात जास्त त्रास देवळांचा होता. आपापले डबे आणून करायचे पोटलक असो, हळदीकुंकू असो, कुणीतरी यायचेच. आमच्या गावचे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेले आहे, तुम्ही सर्टिफिकेट द्याल का? मावशी शांतपणे सांगत, "दगडाला वय विचारून काय होणार? दगड डोंगराएवढा म्हातारा. दगडाखाली कोण राहिलं, काय रांधलं, ते शोधा. जे जगलं त्यालाच वय असतं." नागपूरचे एक काका त्यावर खूप चिडले होते. मावशींनी त्यांना आणखी एक पुरी वाढली आणि विषय संपवला. स्वतःच्या वयाबद्दल विचारले तर म्हणत, "शाळेत घालताना मास्तरांनी एक जून लिहिला. आमच्या वर्गात सगळ्यांचाच एक जून. तेव्हा मला विचारू नका."

आता त्या बेटाची गोष्ट.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात एक लहानसे बेट आहे. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. तिथे एक छोटे देऊळ आहे, म्हणजे जुने दगडी प्रार्थनास्थळ. एक संत फार पूर्वी चामड्याच्या होडीतून तिथे उतरला आणि त्याने पहिली झोपडी बांधली, असे बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पण लिखाणात त्याचा पत्ता नव्हता आणि शेजारच्या मोठ्या, प्रसिद्ध बेटाचे लोक या दाव्याला हसत. ॲलस्टर नावाच्या प्राध्यापकाने तिथे देवळाच्या फरशीखाली खोदकाम केले. फरशीखाली कबरी निघाल्या. साधूंच्या असाव्यात. त्या बेटावरून शंभर-दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेल्यांच्या वंशजांची एक सोसायटी होती, तिचे बरेच सभासद निवृत्त होऊन ॲरिझोनाच्या उन्हात स्थायिक झालेले. त्यांच्या ओळखीनेच कबरीतली हाडे आमच्याकडे आली. मी क्रमांक दिला, कपाट बंद केले.

मावशींनी हाडे धुतली. यंत्राने मोजली. नियमाप्रमाणे शेजारच्या इमारतीतल्या दुसऱ्या एका यंत्रावरून आणखी एक आकडा यायचा असे. त्यावरून पहिल्या आकड्याची दुरुस्ती होत असे. पण ते यंत्र दुरुस्तीला गेले होते. इकडे ॲलस्टरचे फोनवर फोन. पुढच्या महिन्यात सोसायटीचे मोठे जेवण आहे, तिथे जाहीर करायचे आहे, निदान अंदाज तरी सांगा. मावशी सहसा असल्या घाईला दाद देत नसत. पण आमचे बॉस, वॉल्टर, मधे पडले. नवी प्रयोगशाळा, चांगले गिऱ्हाईक. मावशींनी "कच्चा आकडा" असे दोनदा बजावून आकडा दिला.

तो आकडा ऐकून पलीकडे ॲलस्टर ओरडलाच. हाडे त्या संताच्याही काही शतके आधीची निघाली होती. शेजारचे प्रसिद्ध बेट मागे पडले होते. त्या किनाऱ्यावरचे सगळ्यात जुने पवित्र स्थान! "कच्चा" हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला. सोसायटीने आमंत्रणे छापायला टाकली.

मावशी नेहमीप्रमाणे चहा घेऊन आल्या. "हां, आता सांग." मी सांगितले. बेट, होडी, संत, कबरी. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "देव जुना निघाला की भक्तांची छाती फुगते. फुगू दे. कच्चा आहे म्हणून सांगितलंय मी." आणि कप धुवायला निघून गेल्या.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, एका रविवारी मंडळाची सहल होती. फेब्रुवारीत ॲरिझोनात संत्र्याची झाडे लगडलेली असतात आणि ऊन सोसते, तेव्हा सहली त्याच महिन्यात. बागेतल्या लांब टेबलावर डबे मांडलेले. मावशींनी डब्यातल्या टूनाची कटलेटे केली होती. वाळवंटात बांगडा कुठून मिळणार? साठे डॉक्टर शाकाहारी. त्यांनी कटलेटांच्या डब्यापासून आपली प्लेट हातभर लांब नेली आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही मालवणी माणसं म्हणजे कमाल आहात. वाळवंटात राहूनही समुद्र सोडत नाही. तुमच्या हाडांचं सूप केलं ना, तर त्यात मीठ घालायला लागायचं नाही!"

सगळे हसले. मावशीही हसल्या. आणि मग हसता हसता थांबल्या. हातातला चमचा तसाच.

"काय म्हणालात? हाडांचं?"

"अहो, गंमत केली. रागावलात काय?"

"रागावते कशाला?" मावशी उठल्या. "साठे, मूर्ख माणूस तुम्ही नाही. मी आहे." मग माझ्याकडे वळून, "नंदा, गाडी काढ गो. आत्ता."

मी नवऱ्याला डब्यांची व्यवस्था सांगितली आणि निघाले. मावशींना गाडी येत असे, पण विचारात असल्या की त्या लाल दिवा बघत नसत, हे मला माहीत होते. वाटेत त्यांनी मला समजावले. खरे तर स्वतःलाच समजावत होत्या.

"झाड हवेतनं कार्बन घेतं, तो ताजा. गाय गवत खाते, आपण दूध पितो, सगळं ताजं. पण समुद्राचं तसं नाही. समुद्रात कार्बन खोल जातो आणि शेकडो वर्षं तिथेच पडून राहतो. शिळा होतो. मासा तो शिळा खातो. माशाला खाणारा माणूस पण तोच शिळा खातो. तो मेला आणि आपण मोजलं, तर आहे त्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसतो. बेटावरचे साधू काय खात असतील? सांग ना, काय खात असतील? आणि मी मालवणची! सकाळ-संध्याकाळ मासे खाऊन वाढलेली! गोष्ट ऐकली, चहा प्याले, आणि डोक्यात आलं नाही!"

"पण तुम्हाला आधी माहीतच नव्हतं ना बेट आहे म्हणून," मी म्हणाले. "मी सांगायला हवं होतं का?"

"अजिबात नाही. तू गप्प राहिलीस ते बरोबर. नियम माझा, चूक माझी." थोड्या वेळाने म्हणाल्या, "कूळ विचारू नये हे खरं. पण जेवण विचारायला हवं होतं."

त्या दिवशी प्रयोगशाळेत करण्यासारखे काही नव्हते. पण मावशींना तिथे जाऊन आपल्याच हाताने केलेली टिपणे वाचायची होती. वाचून त्या म्हणाल्या, "धुणं चोख आहे. आकडा चोख आहे. अर्थ चुकला." दोन दिवसांनी शेजारच्या इमारतीतले यंत्र सुरू झाले आणि कार्बन जमिनीवरचा की समुद्रातला ते दाखवणाऱ्या तिथल्या आकड्याने तेच सांगितले. ही माणसे समुद्राचे खाणारी होती. किती वर्षे वजा करायची? तेही नक्की सांगता येत नव्हते, कारण कोण किती मासे खात होता आणि किती बार्ली, ते कसे कळणार? एकच उपाय होता. जमिनीवरचे काहीतरी हवे. मावशींनी ॲलस्टरला फोन लावून चूक सांगितली. "त्याच थरातली काटकी द्या. बारीक. खोड नको, जुन्या खोडाचा गाभा आधीच म्हातारा असतो. एका-दोन उन्हाळ्यांची, कुणीतरी कुंपणाला किंवा भिंतीला तोडून लावलेली." ॲलस्टरने आपली यादी चाळली. मग म्हणाला, हेझल नावाच्या झुडपाच्या काटक्या आहेत. बेटावरच्या देवळाची किल्ली सांभाळणारी मोराग नावाची बाई सोसायटीच्या जेवणाला पाहुणी म्हणून येणार आहे, तिच्या हाती पाठवतो.

आता प्रश्न जेवणाचा होता. ते शनिवारी होते. काटकी धुऊन मोजून होईपर्यंत आणखी काही आठवडे जाणार. वॉल्टर वाईट माणूस नव्हता. त्याने मावशींना खोलीत बोलावले, दार उघडेच होते, म्हणून मी ऐकले. तो म्हणाला, जेवण होऊ दे. नंतर आपण दुरुस्तीचे पत्र पाठवू. शास्त्रात असे चालतेच. आणि या वसंतात तुझी नेमणूक कायम करण्याचा विषय समितीपुढे आहे, हे तुला माहीत आहे. आत्ताच दोनशे लोकांपुढे उभे राहून आपली चूक सांगायची काय गरज?

मावशी म्हणाल्या, "वॉल्टर, शनिवारी त्या हॉलमध्ये माझा आकडा लोक टाळ्या वाजवून घेणार. एकदा टाळ्या पडल्या की आकडा माझा राहत नाही. मग पत्र कोण वाचतो?" आणि बाहेर येऊन मला मराठीत म्हणाल्या, "ज्या तोंडानं आकडा दिला, त्याच तोंडानं परत घ्यायचा. पोस्टानं नाही."

त्यांनी सोसायटीच्या अध्यक्षांना फोन करून पाच मिनिटे मागून घेतली. अध्यक्षांना वाटले, शास्त्रज्ञ बाई अभिनंदन करायला येत आहेत.

शनिवारी मावशींनी मोरपंखी नारायणपेठ नेसली. मी गाडी चालवली. हॉटेलच्या दारातच बॅगपाइप वाजत होते आणि पुरुष चौकड्यांचे स्कर्ट घालून उभे होते. एका आजोबांनी अगत्याने मावशींना विचारले, या कपड्यांत तुम्हाला थंडी नाही वाजत? मावशींनी त्यांच्या उघड्या गुडघ्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मला नाही वाजत. तुम्हाला?" आजोबा मोठ्याने हसले. मला मात्र हसू येईना. व्यासपीठामागे या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडी फलक होता: पश्चिम किनाऱ्यावरचे सर्वांत प्राचीन पवित्र स्थान.

सूप झाल्यावर मावशींना बोलावले. त्यांनी माईक खाली ओढून घेतला. त्यांच्या इंग्रजीला मालवणी हेल होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

"गेल्या महिन्यात मी तुम्हाला एक आकडा दिला," त्या म्हणाल्या. "तो चुकीचा आहे. यंत्र चुकलं नाही. तुमचे प्राध्यापक चुकले नाहीत. मी चुकले. तुमचे साधू मासे खाणारे होते, आणि मासे खाणाऱ्याची हाडं आपलं वय वाढवून सांगतात. मी स्वतः मासे खाणाऱ्या घरातली, तरी हे मला उशिरा सुचलं. या कबरी त्या आकड्याइतक्या जुन्या नाहीत. नक्की किती जुन्या ते मला आज माहीत नाही. माहीत झालं की सांगेन. तोपर्यंत कृपा करून तो आकडा कुणाला सांगू नका."

ॲलस्टर टेबलक्लॉथकडे बघत होता. अध्यक्ष उभे राहिले. चेहरा लाल. म्हणाले, "मॅडम, एका मिनिटात तुम्ही आमची काही शतकं काढून घेतलीत."

"काढून नाही घेतली," मावशी म्हणाल्या. "मी चुकून जास्त दिली होती."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि पाणी प्यायल्या. ग्लास ठेवताना पाणी सांडले, ते त्यांनी पदराने टिपले. त्यांना असे मी आधी कधी पाहिले नव्हते. मला तेव्हा इतका अभिमान वाटला, की मी कुणाकडे रागाने बघावे तेच ठरवत होते.

तेवढ्यात एक बाई आमच्या टेबलापाशी आली. साठीची, उंच, वाऱ्याने रापलेल्या चेहऱ्याची, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. ती मोराग होती. तिने डबा मावशींपुढे ठेवला. आत कापसात काटक्या होत्या.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुमच्या पहिल्या आकड्याने आमचा संत बाहेर गेला होता. तो जन्मायच्या आधीच आमच्याकडे कबरी होत्या म्हणे. इथे सगळ्यांना आनंद झाला. मला नाही झाला. माझ्या आजीच्या आधीपासून आमचं घर त्या देवळाची किल्ली सांभाळतं. गेला महिनाभर मी रोज दार उघडते आणि मला कळत नाही, मी हे कुणाचं दार उघडते आहे. तुम्ही आज जे सांगितलं, त्यानं तो परत आत येऊ शकतो का?"

मावशींनी तिचा हात धरला. "येऊ शकतो. येईलच असं मी सांगणार नाही. एकदा घाई केली, पुन्हा नाही."

"तुम्ही मासे खाता म्हणालात," मोराग म्हणाली.

"खाते."

"आमच्याकडे खायला दुसरं होतंच काय?" असे म्हणून ती हसली आणि खुर्ची ओढून बसली. मग त्या दोघी सुकवलेल्या माशांवर बोलत बसल्या. मोरागने मीठ किती लावायचे ते सांगितले, मावशींनी ते फार कमी आहे असे सांगितले. भाषणे झाली, नाच झाला, त्यांचे चालूच.

मावशींची नेमणूक त्या वसंतात कायम झाली नाही. समितीने विषय पुढे ढकलला. वर्षभराने झाली. या काळात त्या एकदाही त्याबद्दल बोलल्या नाहीत. फक्त नव्या पोरांना सांगू लागल्या, की वस्तू कुठली ते विचारू नका, पण ती कशावर जगली ते नंदाकडून विचारून घ्या. चूक झाली म्हणून आधीचा नियम त्यांनी टाकून दिला नाही. त्याला खिडकी ठेवली.

काटक्या त्यांनी स्वतः धुतल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दोन्ही इमारतींतले आकडे आल्याशिवाय तोंड उघडले नाही. वॉल्टरने विचारले, ॲलस्टरने विचारले, अध्यक्षांनीही एकदा कोरडेपणाने विचारले. सगळ्यांना एकच उत्तर: "शिजतंय." शेवटी सगळे हाती आल्यावर त्यांनी ॲलस्टरला कळवले आणि मग मला म्हणाल्या, "मोरागला फोन लाव. तिला मी सांगणार."

स्कॉटलंडला फोन म्हणजे मावशींच्या मते मोठ्याने बोलायला हवे. त्यामुळे संपूर्ण मजल्याने ते संभाषण ऐकले.

"मोराग, काटकी बोलली," मावशी म्हणाल्या. "कुणीतरी ती तोडून तिथे रोवली, ते तुमच्या संताच्या काळात. त्यानंच रोवली असं मी म्हणत नाही. काटकीवर नाव नाही. पण त्या काळात त्या जागी माणसं होती, भिंत बांधत होती, मासे खात होती. शेजारचं बेट तुमच्याहून थोडं जुनं असेलही. त्याला माझा इलाज नाही."

मोराग काय बोलली ते मावशींच्या उत्तरांवरून कळले आणि उरलेले त्यांनी नंतर मला सांगितले. तिने विचारले होते, तुम्हाला पक्की खात्री आहे?

"शंभरातली पंच्याण्णव," मावशी म्हणाल्या.

आणि उरलेली पाच?

"ती तुमच्या श्रद्धेला ठेवली आहेत."

मग फोन ठेवून त्या परत बशा धुवायला गेल्या. वॉल्टर आपल्या खोलीच्या दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. त्या दिवसापासून दुसऱ्या प्रयोगशाळांचे लोक आले, की तो त्यांना यंत्र दाखवायच्या आधी मावशींच्या टेबलापाशी घेऊन जाई.

पुढे यजमानांच्या निवृत्तीनंतर मावशी मुलीकडे दूर उत्तरेला, शॉमबर्ग गावी गेल्या. निरोपाला केक होता आणि वॉल्टरचे लांबलचक भाषण. मावशींनी भाषण केले नाही. आपला पांढरा कोट नीट घडी करून खणात ठेवला, नळ गळतो आहे हे मला दाखवले आणि बाहेर पडल्या. नंतर आमच्या भेटी कमी झाल्या, फोन होत राहिले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती इंग्रजीतच बोलली, शेवटी मात्र "नंदामावशी, आई गेली" एवढे मराठीत म्हणाली. मी विमानाने गेले. बर्फ पडत होता. फार लोक नव्हते. जे होते, त्यांच्यातल्या निम्म्यांनी कधीतरी त्यांच्या हाताखाली तीन तीनदा कोळसा धुतलेला होता.

मी आता चँडलरमधल्याच एका वैद्यकीय तपासणीच्या दवाखान्यात कार्यालय सांभाळते. याद्या करते, वेळा लावते, लोकांच्या चुका सापडतात, माझ्याही सापडतात. गेल्या महिन्यात एका वृद्ध गृहस्थांना मी फोनवर अहवाल वाचून दाखवला होता. नंतर लक्षात आले, की तो दुसऱ्याच कुणाचा होता. त्यांना मी काळजीत टाकले होते, विनाकारण. हाताखालची मुलगी म्हणाली, ईमेल करून टाकू का? मी गाडीच्या किल्ल्या उचलल्या. त्यांचे घर शेजारच्या मेसा शहरात, अर्ध्या तासावर. दारात उभे राहून मी सांगितले, की मी चुकले, तुमचा अहवाल चांगला आहे, हा बघा. त्यांनी तो दोनदा वाचला, मला आत बोलावले, लेमोनेड दिले.

"फोन केला असतात तरी चाललं असतं," ते म्हणाले.

"नसतं चाललं," मी म्हणाले.